ड्रॅगनचं गोत्र

आपल्याकडे ड्रॅगन फ्रूटची पहिली ओळख बहुतेकांना आजाऱ्याच्या उशाशी झाली. पूर्वी कुणाला डेंग्यू झाला की भेटायला येणारे मोसंबी आणायचे, मग किवी आणू लागले, आणि मग एका पावसाळ्यात सगळ्यांनी ठरवल्यासारखं ड्रॅगन फ्रूट आणलं. त्याने प्लेटलेट वाढतात असं सगळे सांगत. सगळे म्हणजे डॉक्टर सोडून. आजारी माणूस यथावकाश उठून बसे आणि श्रेय त्या गुलाबी, खवल्याखवल्यांच्या फळाला मिळे.

चवीचा विषय मात्र तेव्हाही कुणी काढत नसे. ‘कसं लागतं?’ असं विचारलं की खाणारा रंग सांगायचा. ‘आतून पांढरं असतं, बारीक काळ्या बिया असतात.’ पुन्हा विचारलं तर भाव सांगायचा. लाल गराचं खाल्लेला माणूस तर थेट दुसऱ्या दिवशी सकाळची हकीकत सांगतो. त्या गरातलं रंगद्रव्य बिटातल्या रंगद्रव्याच्याच कुळातलं. ते पोटातून बऱ्याचदा आपला रंग राखून बाहेर पडतं, आणि ज्याला हे आधी कुणी सांगितलेलं नसतं तो चहाच्या आधी डॉक्टरांचा नंबर शोधतो.

अशा फळाचं झाड घरी लावायची लाट आली, ती चवीमुळे नक्कीच नाही. फळ हवं असेल तर मंडईत मिळतं, आणि नको असेल तरी सिग्नलला टेम्पोत दिसतं. झाड लावायची कारणं दोन. एक, ते निवडुंग आहे, तेव्हा त्याचं काही करावं लागत नाही, ही समजूत. आणि दोन, ते फुकट मिळतं.

फुकट मिळतं ते असं. जत, आटपाडी, सांगोला या दुष्काळी पट्ट्यात हल्ली प्रत्येकाचा एक तरी नातेवाईक असा निघतो, ज्याने तेल्या रोगाला कंटाळून डाळिंब काढलं आणि ड्रॅगन लावला. माळावर सिमेंटचे खांब, खांबाच्या डोक्यावर गोल रिंग, एकेका खांबाला चार रोपं. सांगली जिल्ह्यातल्या तडसरचं ड्रॅगन फ्रूट २०२१ साली दुबईला गेलं, तेव्हापासून तर या नातेवाइकांच्या बोलण्यात वेगळाच ठामपणा आला आहे. आमचे आटपाडीचे मामा त्यांतलेच. पूर्वी ते येताना शेंगांचं पोतं आणायचे. आता वर्तमानपत्रात गुंडाळलेली ड्रॅगनची फांदी आणतात.

‘मामा, जात कुठली?’

‘लाल.’

‘लालमधली कुठली?’

‘ग्वाड.’

‘आमच्या हवेत येईल का?’

‘न यायला काय झालं? निवडुंगच हाय की. लावा आन् इसरून जावा.’

फांदी चांगली लांब होती आणि घरी सगळे जमलेले होते. आमच्या आजोबांच्या जमिनीची वाटणी अजून झालेली नाही, पण ही फांदी एका संध्याकाळात वाटली गेली. विळीवर तिचे वीतवीतभर तुकडे झाले. एक पुण्यात दादाकडे राहिला, एक डोंबिवलीच्या आत्याने पर्समध्ये घातला, एक नागपूरच्या भाऊजींनी, एक रत्नागिरीच्या काकांनी आणि एक निफाडच्या मामेभावाने नेला. न्यू जर्सीच्या मामेबहिणीनेही व्हिडिओ कॉलवरून आपला हिस्सा मागितला. अमेरिकेच्या विमानतळावर जिवंत फांदीला माणसापेक्षा कडक कागदपत्रं लागतात, हे कळल्यावर तिने हक्कसोड दिली आणि तिथल्याच रोपवाटिकेतून ‘अमेरिकन ब्यूटी’ नावाची जात विकत घेतली. नावात अमेरिका असली तरी ही जात मूळची ग्वाटेमालाची मानतात. लगोलग ‘घरचा ड्रॅगन’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, आणि मराठी माणसाचं हवामानशास्त्राचं शिक्षण सुरू झालं.

सुरुवातीलाच मामांचा सल्ला आडवा आला. हे झाड निवडुंगाच्या कुळातलं आहे हे खरं, पण वाळवंटातलं नाही. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांत ते मोठ्या झाडांच्या अंगाखांद्यावर चढतं, फांद्यांना फुटलेल्या मुळांनी खोडाला धरून राहतं, पालापाचोळ्याच्या खतावर जगतं आणि दुपारचं ऊन पानांतून गाळून घेतं. फ्रेंचांनी ते एकोणिसाव्या शतकात व्हिएतनामला नेलं. तिथे त्याची शेतंच्या शेतं झाली आणि पुढे ते जगभर गेलं. आपल्याकडे गुजरात सरकारने २०२१ साली त्याचं ‘कमलम’ असं बारसं केलं. त्याआधी २०१७ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला हायलोसेरियस या घराण्यातून काढून सेलेनिसेरियस या घराण्यात दत्तक दिलं. झाडाने दोन्हीपैकी कशाचीही दखल घेतल्याचं दिसत नाही.

सावलीतून आलेलं हे झाड नागपूरला भाऊजींच्या गच्चीवर उघड्यावर उभं राहिलं. फेब्रुवारीत ते हिरवंगार होतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला आणि ग्रुपवर भाऊजींचा आवाजी निरोप आला, ‘निवडुंग हाय म्हनते, मंग उन्हात कायले पिवयं पडून राह्यलं?’ चाळिशीच्या आसपास या झाडाची फांदी आधी पिवळी पडते, मग भाजते, आणि भाजलेल्या जागी पुढे बुरशी शिरते. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. ऊन, दुष्काळ, खडकाळ जमीन यांनी पिकांना जो ताण येतो त्यावर तिथे संशोधन चालतं, आणि या पिकाचा अभ्यासही तिथे झाला आहे. उन्हाळ्यापुरती वर जाळी धरा, हा त्यावरचा सरळ उपाय. भाऊजींनी हिरवी जाळी लावली. मग तेवढ्याने समाधान होईना म्हणून कूलर खिडकीतून काढून गच्चीत झाडासमोर ठेवला. ताई म्हणाली, ‘बावीस वर्षं संसार केला, मला कधी वाळ्याच्या ताट्या नवीन आणल्या नाहीत.’

रत्नागिरीला ऊन हा प्रश्न नव्हता. तिथे जून लागला की आकाश चार महिने बंद होत नाही. या झाडाची मुळं उथळ असतात आणि त्यांना ओल चालते, पण तुंबलेलं पाणी चालत नाही. बुंधा कुजायला आठवडाभराची डबकी पुरतात. कुंडीच्या तळाला मोठी भोकं, मातीत वाळू नि बारीक खडी, रोप उंचवट्यावर, असं सगळं पुण्याहून दादाने लिहून पाठवलं. काकांनी ते वाचलं नाही. त्यांनी फांदीचा तुकडा परसातल्या फणसाच्या बुंध्याशी टेकवून ठेवला होता. नकळत त्यांनी तिला थेट माहेरचीच व्यवस्था करून दिली. उताराची जांभ्याची जमीन, पाणी थांबत नाही, पाचोळा फणसच पुरवतो. झाड वर्षा-दोन वर्षांत फणसाच्या पहिल्या बेचक्यापर्यंत गेलं आणि पुढे दिसेनासं झालं.

‘काका, शेंडा खुडा. वर गेलं तर फुलं कोण काढणार?’

‘फुलं काढायची कशाला? यायची तेव्हा येतील. झाडाला काय गाडी पकडायची आहे?’

शेंडा खुडण्यावरून घराघरांत भांडणं झाली आहेत. या झाडाची रीत अशी, की ते उभं वाढत असतं तोवर फुलाचं नाव काढत नाही. खांबाच्या टोकाला पोचलं की शेंडा खुडायचा, मग बगला फुटतात, फांद्या रिंगवरून खाली लोंबतात आणि लोंबलेल्या जुन्या फांद्यांवर कळ्या येतात. थोडक्यात, त्याची प्रगती थांबवल्याशिवाय ते फळत नाही. ज्या घरात मुलाला बारावीनंतर लगेच पुढचे क्लास लावलेले असतात, त्या घराला हे पटवून देणं अवघड जातं. दादाने बरेच दिवस शेंडा खुडला नाही. रोज सकाळी टेप घेऊन तो उंची मोजायचा आणि ग्रुपवर टाकायचा. शेवटी वहिनीने कढीपत्ता काढायच्या कात्रीने एका दुपारी निर्णय घेतला.

डोंबिवलीला आत्याच्या बाल्कनीत ऊन येतं ते समोरच्या दोन इमारतींमधल्या फटीतून. सकाळी नऊला येतं आणि साडेनऊला जातं. फुलं यायला या झाडाला दिवसातलं निदान पाच-सहा तास ऊन लागतं. ते शोधत आत्याची फांदी बारीक, लांब होत ग्रिलबाहेर निघाली, वळली आणि वरच्या मजल्यावर पोचली. वरचे म्हणाले, झाड आमच्या हद्दीत आहे. आत्या म्हणाली, मूळ आमच्याकडे आहे. प्रकरण कमिटीत गेलं. कमिटीने दोन्ही बाजू ऐकून घेऊन वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल एक परिपत्रक काढलं.

आत्याचा मुलगा इंजिनिअर. त्याने वाचलं, की व्हिएतनामच्या बिन्ह थुआन भागात शेतकरी हिवाळ्याच्या रात्री शेतात ओळीने दिवे लावतात. हे झाड मोठ्या दिवसांत फुलणारं. दिवस लहान झाले की ते हंगाम संपला असं समजतं, म्हणून रात्री दिवे लावून त्याला अजून उन्हाळाच आहे असं भासवायचं. त्याने बाल्कनीत एलईडीच्या माळा सोडल्या. झाड फसलं नाही, पण सोसायटी फसली. तीन वेगवेगळ्या घरांतून आत्याला विचारणा झाली, की मुलाचं ठरलं का.

निफाडचा मामेभाऊ द्राक्षवाला. त्याने झाडाचं काहीही न वाचता त्याला द्राक्ष समजून वागवायला सुरुवात केली. ऑक्टोबरात छाटणी, ठरल्या दिवशी फवारणी, वहीत नोंद. निफाडला थंडी पडते म्हणजे नुसती पडत नाही, पेपरात येते. पारा उतरला की तिथले बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या करतात. ड्रॅगनला वीस ते तीस अंशांत मजा वाटते, दहाच्या खाली ते वाढ थांबवतं आणि शून्याच्या आसपास फांद्या पाणी धरल्यासारख्या मऊ पडतात. मामेभावाने अंगणातल्या एका खांबासाठी एक स्वतंत्र शेकोटी मांडली. गावातले लोक तिच्याभोवती येऊन बसू लागले. त्यात राजकारण बोललं जाऊ लागलं. झाड टिकलं, सरपंच बदलला.

न्यू जर्सीत मात्र शेकोटीने भागण्यातलं नव्हतं. तिथे मामेबहिणीची कुंडी चाकांच्या पाटावर असते. पहिलं दहिवर पडायच्या आत, ऑक्टोबरात, ती ढकलत गॅरेजमध्ये जाते आणि मे महिन्यात परत अंगणात येते. कुंडी, खांब, रिंग आणि लोंबत्या फांद्या एवढा संसार आत गेला की गाडीला जागा उरत नाही. म्हणून झाड दिव्याखाली गॅरेजमध्ये आणि गाडी बाहेर बर्फात असते. जावई रोज सकाळी फावड्याने गाडी उकरून काढतात. एकदा त्यांनी ग्रुपवर विचारलं, ‘या झाडाचं आयुष्य किती असतं?’ आटपाडीहून मामांनी मोठ्या प्रेमाने कळवलं, ‘वीस वर्षं कुठं गेली नाहीत, जावईबापू.’

याच ग्रुपवर सॅन डिएगोचा भाचा आहे. त्याचं हवामान इतकं चांगलं, की त्याला तक्रार करायला विषयच नव्हता, म्हणून तो जाती गोळा करू लागला. दक्षिण कॅलिफोर्नियात या झाडाचा नाद हा एक वेगळाच संप्रदाय आहे. पॉल थॉमसन नावाच्या गृहस्थांनी १९६८ साली तिथे दुर्मीळ फळं लावणाऱ्यांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला, आणि पुढे याच फळाच्या बऱ्याच जाती निवडून, संकर करून त्या लोकांच्या अंगणांत पोचवल्या. तिथल्या जातींची नावं ‘फिजिकल ग्राफिटी’, ‘पर्पल हेझ’, ‘डार्क स्टार’, ‘डेव्हिड बोवी’. रॉक संगीताची ही सगळी दुनिया भाच्याच्या कुंपणाला ओळीने बांधलेली आहे, प्रत्येक कुंडीला पाटी आहे. त्याने मामांना विचारलं, ‘तुमच्या लालचं नाव काय?’ मामा म्हणाले, ‘लाल.’ भाचा म्हणाला, ‘असं कसं चालेल?’ मामा म्हणाले, ‘दुबईला चाललंय की.’

यथावकाश सगळीकडे फुलं आली. डोंबिवलीलाही आली, पण वरच्या मजल्यावर. आपल्या घरांतून ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात त्या निवडुंगाचं हे भावंड. फूल वीतभर लांब, पांढरंशुभ्र, रात्री उमलणारं आणि सकाळी मान टाकणारं. ग्रुपवर फोटोंचा पूर आला. नागपूरच्या फुलाखाली ‘जय गजानन’, पुण्याच्या फुलाखाली ‘आमचं दोन सेंटिमीटर मोठं आहे’. आणि मग पाच-सहा दिवसांनी एकेक करत सगळ्यांची फुलं देठाशी पिवळी पडली आणि गळली. दुसरा बहार आला, तोही गळला. निफाडच्या भाषेत, सेटिंग होईना.

मग हवामानाची जी काही बदनामी झाली ती विचारू नका. नागपूरने उन्हाला धरलं. त्यात तथ्य होतंच, अती उष्म्यात कळ्या गळतात. रत्नागिरीने पावसाला धरलं. त्यातही तथ्य होतं, उमललेल्या फुलात पाणी गेलं की परागाचा चिखल होतो. डोंबिवलीने बिल्डरला धरलं. निफाडने दोन फवारण्या वाढवल्या. पुण्याची हवा या झाडाला उत्तम, त्यामुळे दादाला धरायला काहीच मिळेना. त्याने महापालिकेच्या पाण्याचा नमुना तपासायला दिला. आईने चुपचाप झाडाची मीठ-मोहरीने दृष्ट काढली.

उलगडा केला तो निफाडच्या मामेभावाच्या मुलीने. ती राहुरीला कृषी विद्यापीठात शिकते. सुट्टीत घरी आली, ग्रुपवरचे सगळे निरोप मागपर्यंत वाचले आणि तिने एकच प्रश्न विचारला, ‘ही सगळी झाडं आली कुठून?’

‘इथली सगळी आपल्या मामांच्या शेतातून. एकाच फांदीची आहेत,’ दादाने अभिमानाने सांगितलं.

‘मग काका, ही सगोत्र आहेत.’

ग्रुपवर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. आंतरजातीय विवाह झालेली, गोत्र न मानणारी, पत्रिका न बघणारी मंडळी होती सगळी. त्यांना गोत्राचा नियम एका निवडुंगाकडून ऐकावा लागत होता. तिने मग नीट समजावलं. ड्रॅगनच्या अनेक जाती, विशेषतः लाल गराच्या बऱ्याचशा, स्वतःचा पराग ओळखतात आणि त्याला वाटेतच अडवतात. एका फांदीचे पाच तुकडे म्हणजे पाच झाडं नव्हेत, पाच गावांत राहणारं एकच झाड. नागपूरचा पराग रत्नागिरीला नेला तरी घरातल्या घरातच. दुसऱ्या जातीचं झाड हवं, त्याचं फूल त्याच रात्री उमलायला हवं, आणि कुणीतरी मध्यस्थी करायला हवी.

‘मामांकडे मग फळं कशी येतात?’ दादाने विचारलं.

‘त्यांच्या बांधावर पांढऱ्याची एक ओळ आहे ना.’

मामांना फोन लावला. मामा म्हणाले, ‘हाय की. ती लाईन घरात खायाला लावलीय.’ ती ओळ रात्रभर काय समाजकार्य करत होती याचा त्यांना पत्ताच नव्हता. मूळ देशात हे काम वटवाघळं आणि मोठे पतंग करतात. मामांकडे उजाडता उजाडता, फुलं मिटायच्या आत, मधमाश्या उरकतात. पुण्यात चौथ्या मजल्याच्या गच्चीवर हे काम कुणी करायचं? आणि त्याआधी, दुसरी जात आणायची कुठून?

दुसरी जात गच्चीवरच होती. पाण्याच्या टाकीच्या मागे, निळ्या ड्रममध्ये, जुनं स्कूटरचं टायर रिंग म्हणून लावलेलं एक पांढऱ्या गराचं झाड सुखाने नांदत होतं. ते चौथ्या मजल्यावरच्या काकांचं. हेच काका गेली काही वर्षं सोसायटीला पत्रं लिहीत होते, की गच्चीवरच्या कुंड्यांमुळे आमचा स्लॅब गळतो. रोख दादाच्या कुंड्यांवर होता. तेव्हापासून दादा आणि ते लिफ्टमध्ये भेटले तर दोघेही मजल्यांच्या आकड्यांकडे बघत.

अशी बोलणी पुरुषांकडून होत नाहीत. वहिनी चकल्यांची वाटी घेऊन वर गेली. काकूंनी आधी चौकशी केली, जात कोणती, कुठली, गर कसा, घरात काही रोग वगैरे. मुलीकडचे आपण की मुलाकडचे, हा प्रश्न निघाला, तेव्हा या फुलाला दोन्ही अंगं असतात असं कळून बोलणी थोडी सोपी झाली. अडचण मुहूर्ताची होती. काकांची कळी मंगळवारी उमलणार, दादाची शुक्रवारी. त्यावर उपाय असा, की मंगळवारचा पराग काढून, कोरडा करून, घट्ट झाकणाच्या डबीत फ्रिजमध्ये ठेवायचा. तो काही दिवस सहज टिकतो. मात्र डबीवर ठळक चिठ्ठी लावावी. मराठी घरातल्या फ्रिजमधली बिनचिठ्ठीची पिवळी पूड फार काळ अनोळखी राहत नाही, कुणीतरी तिला केशर समजून श्रीखंडात घालतं.

शुक्रवारी रात्री दहाला गच्चीवर ही गर्दी. ब्रह्मकमळ उमलणार असं कुणीतरी ऐकलं होतं, म्हणून दोन बायका हळदकुंकू घेऊन आल्या. मुलं मोबाइल घेऊन आली. सेक्रेटरी कुंड्या मोजायला आले आणि रांगेत उभे राहिले. बॅटरी धरायचं काम माझ्याकडे होतं. खुर्चीवर उभा राहून दादाने मुलाच्या चित्रकलेच्या पेटीतला चार नंबरचा ब्रश काढला. फुलाच्या मधोमध पुंकेसरांचा पिवळा झुबका असतो आणि त्यातून वर डोकावणारी, टोकाला तारेसारखी फुललेली कुक्षी. तिच्यावर बाहेरचा पराग लावायचा, एवढंच काम. पण खालून काका निर्देश देत होते. ‘हलक्या हाताने. सगळीकडे लावा. मुंग्या झटका आधी.’ दादाने वळून पाहिलं. बऱ्याच वर्षांत दोघांमध्ये झालेला हा पहिला संवाद, आणि तो मुंग्यांवर होता.

फळ धरलं. पाकळ्या वाळल्या तरी देठ हिरवा राहिला, याची बातमी ग्रुपवर पेढ्यांच्या फोटोसह गेली. पुढे पिकायला महिनाभर लागला. तेवढ्या काळात बुलबुल आणि खार यांच्यापासून वाचवायला फळावर जाळीची पिशवी आली, आणि शेजाऱ्यांपासून वाचवायला एक कागद, त्यावर ‘कॅमेरा चालू आहे’. कापायचा दिवस ठरला. एक फळ, दोन घरं, शिवाय बॅटरीवाला. काका म्हणाले, ‘आमच्या पांढऱ्यामुळे रंग जरा फिका आला असेल.’ आला नव्हता. गर आईच्याच अंगाचा असतो, बाहेरच्या परागाने तो पांढरा होत नाही. हे ऐकून काकूंनी काकांकडे अशा नजरेने पाहिलं, की घरात कुणाचं चालतं याचा निकाल तिथेच लागला. चव? आतून गडद गुलाबी होतं आणि बारीक काळ्या बिया होत्या.

बाकीच्यांचंही हळूहळू जमत गेलं. भाऊजींनी वर्ध्याच्या मित्राकडून पांढरी फांदी आणली आणि ताईसाठी दुसरा कूलर. न्यू जर्सीला भाच्याने ‘डेव्हिड बोवी’चा पराग पाकिटात घालून कुरिअरने धाडला. डोंबिवलीच्या आत्याने मात्र पिवळी जात आणली, पिवळ्या सालीची, सालीवर काटे, चवीला सगळ्यांत गोड. ती स्वतःच्याच परागावर फळते, पण फळ पिकायला पाच-सहा महिने घेते. आत्याला चालतं. कमिटीचं उत्तर यायलाही तेवढेच लागतात. रत्नागिरीहून अजून काही कळलेलं नाही. फणसावर वर काहीतरी गुलाबी दिसतं आणि माकडं खूश आहेत, एवढंच काका सांगतात.

तेव्हा कुणी विचारलं, की आमच्या हवेत ड्रॅगन येईल का, तर मी आता हवेबद्दल बोलत नाही. ऊन जास्त असेल तर जाळी आहे, पाऊस जास्त असेल तर खडी आहे, थंडी असेल तर शेकोटी आहे, बर्फ असेल तर जावई आहे. मी एवढंच विचारतो, की वरच्या मजल्यावर कोण राहतं आणि त्यांच्याशी तुमचं बोलणं आहे का. असेल तर खुशाल लाल लावा. आणि ज्यांचं इमारतीत कुणाशीच पटत नाही, त्यांनीही निराश होऊ नये. त्यांच्यासाठी व्हिएतनामची पांढरी जात आहे. तिला सहसा कुणाचा पराग लागत नाही, कुणाची मध्यस्थी लागत नाही, ती आपलं आपण बघते. चव जरा बेताची असते, पण अशा माणसांकडे फळ खायला येणारं तरी कोण असतं?